किमान किती?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझे नाव आणि त्याखाली ‘किमान पेशी’ हा विषय पाहून छापखान्यात काही घोटाळा झाला असावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने बोलायचे ते बोनसवर, महागाईभत्त्यावर, फार तर नव्या कामगार संहितांवर. त्याने जिवाणूच्या पोटात कशाला शिरावे? माझे उत्तर साधे आहे. ज्या एका शब्दाभोवती माझे आयुष्य फिरत आले, तो शब्द ‘किमान’ हा आहे. किमान वेतन, किमान रजा, खात्यात किमान माणसे किती, यांवरून मी मालकांशी, सरकारी अधिकाऱ्यांशी आणि प्रसंगी आपल्याच मंडळींशी भांडत आलो. पुढे वाचनाच्या नादात कळले की, काही शास्त्रज्ञ हाच प्रश्न एका जिवाणूला विचारीत बसले आहेत: बाबा रे, तुला जगायला किमान लागते तरी किती? तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. माझे शालेय शिक्षण थोडके. शब्दकोश उशाशी घेऊन जे वाचले आणि जे नीट उमगले, तेवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम पेशी म्हणजे काय, ते पाहू. आपले शरीर, वडाचे झाड, दह्यातले जंतू, हे सारे पेशींचे बनलेले आहे. आपल्या अंगात अशा पेशी असंख्य. जिवाणू मात्र एकाच पेशीचा. त्या एका पेशीतच त्याचे स्वयंपाकघर, कोठार, कारखाना आणि बाळंतघर. या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. त्यावर चार प्रकारच्या घटकांची रांग असते. त्यांना ए, टी, जी, सी अशी अक्षरांची नावे दिली आहेत. या रांगेचा एक अर्थपूर्ण तुकडा म्हणजे जनुक. बहुतेक जनुकांत एकेक प्रथिन कसे घडवावे याची सूचना असते, आणि पेशीतली बहुतेक कामे ही प्रथिनेच करतात.

आपल्या भागात ज्यांनी जेकार्डचा माग पाहिला आहे, त्यांना हे चटकन समजेल. मागावर भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि त्या भोकांप्रमाणे कापडावर नक्षी उठते. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. डीएनए ही तशीच माळ समजा. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की पेशीतली ही माळ नुसती नक्षी काढीत नाही. ती मागाचे सुटे भागही घडवते, आणि शेवटी एका मागाचे दोन माग करते.

माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय नावाच्या जिवाणूत ती सुमारे ४,३०० आहेत. मग प्रश्न येतो की याहून कमी किती चालतील? १९९५ साली मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम नावाच्या, माणसाच्या मूत्रमार्गात राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जिवाणूचा संपूर्ण डीएनए वाचण्यात आला. तो अवघा ५ लाख ८० हजार अक्षरांचा निघाला, आणि त्यात प्रथिनांची जनुके ४८० च्या आसपास होती. निसर्गातच इतका आटोपशीर संसार चालवणारा जीव सापडल्यावर शास्त्रज्ञांना वाटले, की यातूनही काटछाट करून पाहावी.

आता पुढचे आकडे मी मुद्दाम क्रमाने सांगतो. १९९६ साली मुशेगियन आणि कूनिन या दोन शास्त्रज्ञांनी दोन जिवाणूंच्या जनुकांच्या याद्या शेजारी ठेवून, दोहोंत समान काय ते पाहून, कागदावर हिशेब केला. उत्तर आले २५६. १९९९ साली हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद सोडून प्रत्यक्ष जंतूवर प्रयोग केला. डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा असतो. तो एखाद्या जनुकात जाऊन बसला की ते जनुक बंद पडते. जनुक बंद पडूनही जंतू जगला, तर ते जनुक अनावश्यक. या पद्धतीने उत्तर आले २६५ ते ३५०. २००६ साली हाच प्रयोग अधिक बारकाईने झाला, तेव्हा ४८२ पैकी ३८२ जनुके आवश्यक ठरली. श्रोतेहो, यातली गंमत ध्यानात घ्या. जसजसे जवळ जाऊन पाहिले, तसतसे ‘किमान’ वर चढत गेले. लांबून पाहणाऱ्याला नेहमीच थोडक्यात भागेल असे वाटते!

आणि याच सुमारास, म्हणजे २००६ मध्ये, क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेकडून ३८१ जनुकांच्या किमान संचाबद्दल अमेरिकेत पेटंटचा अर्जही दाखल झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर गदारोळ उठला. असा जीव तेव्हा कोणी घडवलेला नव्हता. पाळणा हलण्यापूर्वीच सातबारावर नाव लावण्याचा हा प्रकार! यापूर्वी १९८० साली आनंद चक्रवर्ती या आपल्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत तयार केलेल्या तेल खाणाऱ्या जंतूच्या खटल्यात, माणसाने घडवलेल्या जिवावर पेटंट मिळू शकते असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. तेव्हा मालकीचा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे, हे नागरिकांनी विसरू नये.

आता घडवण्याकडे वळू. डीएनए प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवता येतो. १९७० साली हरगोविंद खुराना यांनी, म्हणजे पंजाबातल्या एका खेड्यात जन्मलेल्या आपल्या माणसाने, एक संपूर्ण जनुक प्रथमच असे जुळवले. ते ७७ अक्षरी जोड्यांचे होते. त्यानंतर ४० वर्षांनी, २०१० मध्ये, व्हेंटर, हॅमिल्टन स्मिथ, हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ १० लाख ७८ हजार अक्षरांचा एका जिवाणूचा पुरा डीएनए जुळवला. जेनिटेलियम फार सावकाश वाढतो, म्हणून त्यांनी त्याचा चुलतभाऊ निवडला: शेळ्यांना रोग करणारा मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस. सुमारे १,०८० अक्षरांचा एक, असे १,०७८ तुकडे तयार करून घेतले. ते यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, पेशीत टप्प्याटप्प्याने एकमेकांस जोडले. मग तो अखंड धागा दुसऱ्या एका जातीच्या जिवंत मायकोप्लाझ्मात घातला. जुनी पुठ्ठ्यांची माळ गेली, नवी चालू झाली, आणि काही पिढ्यांत तो जंतू नव्या सूचनांचाच झाला.

या कामात एकदा अनेक आठवडे सारे अडून बसले होते. कारण काय? दहा लाखांहून अधिक अक्षरांत एक अक्षर गळले होते. डीएनएची नक्कल सुरू करून देणाऱ्या एका जनुकातले ते अक्षर. तेवढ्याने जीव उभा राहीना. ते सापडले, दुरुस्त केले, आणि गाडी चालू झाली.

वर्तमानपत्रांनी त्या वेळी ‘माणसाने जीव निर्माण केला’ असे मथळे दिले. ते खरे नव्हे. माळ नवी होती. माग जुनाच, जिवंत, निसर्गाने दिलेला होता. नुसत्या निर्जीव रसायनांतून संपूर्ण जिवंत पेशी अद्याप कोणी उभी केलेली नाही. त्या वाटेनेही लोक चालले आहेत. जपानात २००१ मध्ये उएदा यांच्या गटाने शुद्ध केलेले सुटे भाग एकत्र करून, पेशीशिवाय, नळीत प्रथिने घडवण्याची रीत बसवली. पण सुटे भाग कामाला लागणे वेगळे, आणि त्यांनी मिळून संसार थाटणे वेगळे.

आता मुख्य प्रयोगाकडे येतो. २०१० च्या त्या जंतूत सुमारे ९०० जनुके होती. यातली फाजील ती काढून टाकायची, असे ठरले. प्रथम शास्त्रज्ञांनी आपल्या ज्ञानावर विसंबून यादी केली. डीएनएचे आठ भाग पाडले होते. प्रत्येक भाग छाटून, बाकीचे सात जुने ठेवून, जंतू जगतो का ते पाहिले. आठांपैकी फक्त एका भागाचा आराखडा टिकला. जगातली उत्तम डोकी आणि तोपर्यंतचे सारे छापील ज्ञान एकत्र येऊनही, काय टाकावे याचा अंदाज आठांत सात वेळा फसला.

मग ते पुन्हा प्रयोगाकडे वळले. एकेक जनुक बंद पाडून पाहिले आणि तीन वर्ग केले. काही जनुके अत्यावश्यक: गेली की मरण. काही अनावश्यक: गेली तरी फरक नाही. आणि तिसरा वर्ग अर्धवट आवश्यक: गेली तर मरण येत नाही, पण वाढ रखडते. पहिल्या खेपेस या तिसऱ्या वर्गाचे महत्त्व पुरते लक्षात आलेले नव्हते.

दुसरी अडचण याहून नाजूक होती. काही कामे दोन जनुके वाटून करतात. त्यांतले पहिले काढा, जंतू जगतो, कारण दुसरे सांभाळून घेते. दुसरे काढा, तरी जगतो, कारण पहिले आहे. म्हणजे एकेकटे पाहिले तर दोन्ही ‘अनावश्यक’. दोन्ही काढा, आणि जंतू मेला! हे वाचताना मला एका सूतगिरणीतली गोष्ट आठवली. तिथे हवेत दमटपणा राखणाऱ्या यंत्रावर पाळीला दोघे असत. घड्याळ घेऊन आलेल्या तज्ज्ञाने पाहिले की एक रजेवर गेला तरी यंत्र चालते. म्हणून एक माणूस कमी झाला. पुढच्या पाहणीत दुसऱ्याच्या नावापुढे शेरा पडला की याच्या अनुपस्थितीत जॉबर वेळ निभावून नेतो, तोही गेला. त्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडून सूत इतके तुटू लागले की कांडणाऱ्या बायांच्या बोटांना उसंत राहिली नाही, आणि उत्पादन घटल्याचा ठपका त्यांच्यावरच आला. प्रत्येक शेरा आपापल्या परीने खरा होता. दोन खऱ्या शेऱ्यांची बेरीज मात्र खोटी निघाली.

अखेर २०१६ च्या मार्चमध्ये त्या गटाने आपला किमान जीव जाहीर केला. त्याचे नाव सिन ३.०. डीएनए सुमारे ५ लाख ३१ हजार अक्षरांचा. जनुके ४७३, त्यांपैकी प्रथिने घडवणारी ४३८. स्वतंत्रपणे वाढवता येणाऱ्या आणि तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही जिवापेक्षा ही संख्या लहान होती. या ४७३ पैकी १९५ जनुके केवळ डीएनएवरचा मजकूर वाचून प्रथिने घडवण्यात गुंतलेली. ८४ पेशीच्या आवरणाशी संबंधित. ८१ अन्नाच्या देवघेवीची. ३४ डीएनए जपण्याची. आणि उरलेल्या ७९ जनुकांच्या कामाचा कोणालाच पत्ता नव्हता. आणखी ७० जनुकांचे काम ढोबळमानानेच ठाऊक होते; म्हणजे हा गडी हमाल आहे एवढे कळते, पण कोणते ओझे कुठून कुठे नेतो ते कळत नाही. एकूण १४९. सर्वांत साध्या जिवाच्या जवळजवळ एकतृतीयांश जनुकांचे नेमके काम माहीत नाही, आणि तरी ती काढली की एक तर जीव राहत नाही किंवा त्याची वाढ खुंटते! त्यांतल्या काहींची भावंडे इतर प्राण्यांत, अगदी माणसातही आहेत.

मला या प्रयोगाचे सर्वांत मोठे फळ हेच वाटते. जीव लहान करता येतो हे कळले, ते ठीक. पण ‘याचा उपयोग मला माहीत नाही’ आणि ‘याचा उपयोग नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे या ४७३ जनुकांनी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवले. पुढे अनेकांच्या खटपटीने त्या अज्ञातांपैकी पुष्कळांची ओळख पटत गेली. काम अजून संपलेले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. सिन ३.० जगत होता, पण त्याचा संसार नीट नव्हता. मूळचा जंतू सुमारे तासाभरात दुप्पट होई. याला तीन तास लागत. शिवाय पेशी विभागताना वेड्यावाकड्या होत. कुठे लांब दोऱ्यासारख्या, कुठे वेडेवाकडे फुगे. म्हणून १९ जनुके परत घातलेला एक सुधारलेला जंतू तयार करण्यात आला, आणि त्याच्या पेशी पुन्हा गोल, सारख्या आकाराच्या होऊ लागल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नीटस विभाजनासाठी या १९ पैकी सात जनुके मिळून लागतात. त्या सातांतली दोन विभाजनाची म्हणून परिचित होती. उरलेल्या पाचांचे नेमके काम तेव्हा अज्ञात होते. म्हणजे जी आधी जादा म्हणून घरी बसवली, त्यांनाच सन्मानाने कामावर परत घ्यावे लागले.

बंधुभगिनींनो, हे वाचताना माझ्यासारख्याला किमान वेतनाचा इतिहास आठवल्यावाचून कसा राहील? १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, पण किमान म्हणजे किती हे त्यात नव्हते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने पहिल्यांदा मोजपट्टी दिली: एका कमावत्यामागे तीन खाणाऱ्या तोंडांचा हिशेब, प्रौढ माणसाला २,७०० कॅलरींचे अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. यात माणूस मरणार नाही हे खरे. पण पोराची शाळा? आजारपण? सणवार, मुलीचे लग्न, म्हातारपण? ते पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत. न मरणे आणि जगणे यांतले अंतर म्हणजे ते २५ टक्के. जिवाणूच्या बाबतीत ते अंतर १९ जनुकांचे निघाले.

आता कोणी चतुर मालक उठून म्हणेल, ‘अहो, पण तुमच्याच शास्त्रज्ञांनी ९०० तली सव्वाचारशे जनुके काढली आणि जंतू जगला. म्हणजे निम्मी भरती जादाच होती!’ आक्षेप बरोबर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ती जनुके निघाली, जंतू जगला, हे मला मान्य. पण कुठे जगला? ३७ अंश उष्णतेच्या पेटीत, आयत्या साखरेच्या, प्रथिनांच्या घटकांच्या आणि वासराच्या रक्तरसाच्या पौष्टिक काढ्यात. जिथे दुसरा जंतू शिरणार नाही याची काळजी माणसे रात्रंदिवस घेतात. ज्याला सारे आयते मिळते, त्याला स्वतःचे स्वयंपाकघर लागत नाही. काढा पातळ करा, आणि किमानाचा आकडा त्याच क्षणी वर जाईल. मायकोप्लाझ्मा निसर्गात इतका सुटसुटीत राहतो, तोही दुसऱ्याच्या अंगावर पोसला जातो म्हणूनच. तेव्हा कोणी ‘आमचे थोडक्यात भागते’ असे म्हणाला, की त्याचा भार कोण वाहतो, हा पुढचा प्रश्न विचारायला शिकावे.

तात्पर्य, किमान हा आकडा जिवाच्या पोटात कोरलेला नसतो. तो भोवतालच्या परिस्थितीवर आणि आपण जगणे कशाला म्हणतो यावर ठरतो. प्रयोगशाळेने हे कबूल केले आहे. कचेऱ्यांनी करायचे आहे.

अर्थात पेशी म्हणजे गिरणी नव्हे, हे मी जाणून आहे. जनुकाला पोर नसते, त्याचे घरभाडे थकत नाही. प्रयोगात चुकीचे जनुक काढले तर एक बशी फुकट जाते आणि शास्त्रज्ञ उद्या नवी मांडतो. गावात चुकीचा माणूस काढला तर बशी पुन्हा मांडता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञाने बशीवर जेवढी सावधगिरी दाखवली, त्याहून कमी आपण माणसांवर दाखवावी हे शोभणारे नाही.

या जंतूची आणखी एक हकिकत सांगून संपवतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात जे लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा किमान जंतू ३०० दिवस वाढत ठेवला. त्या काळात त्याच्या २,००० पिढ्या झाल्या. काटछाटीमुळे त्याची वाढीच्या स्पर्धेतली ताकद निम्म्याहून अधिक घटली होती. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गमावलेली ताकद त्याने भरून काढली होती. काढलेली जनुके परत मिळाली नाहीत. उरलेल्यांतच लहानसहान बदल होत त्याने आपली घडी नव्याने बसवली. इतके कापूनही जिवाची जिद्द कापता आली नाही. आमचे लोकही असेच निभावून नेतात. पण निभावून नेले म्हणजे कापणे योग्य होते, असे कोणी समजू नये. २,००० पिढ्यांचा हिशेब आपल्याला परवडणारा नाही.

हे शास्त्र पुढे औषधे, इंधने, नवी द्रव्ये घडवील अशी आशा आहे, आणि त्यात धोकेही आहेत. २०२४ च्या डिसेंबरात तर जगातल्या ३८ शास्त्रज्ञांनी स्वतःच पुढे येऊन, नेहमीच्या जिवांचे आरशातले प्रतिबिंब म्हणावे असे उलट घडणीचे जिवाणू तयार करण्याच्या वाटेला जाऊ नये, असा इशारा दिला. आपल्या हातातले काम काय अनर्थ करील हे कारागिराने स्वतः बोलून दाखवणे, याला मी उच्च प्रतीची कामगारनिष्ठा म्हणतो. मालकी कोणाची, फायदा कोणाचा, जोखीम कोणाची, हे तीन प्रश्न मात्र शास्त्रज्ञांवर सोडून चालणार नाहीत. ते इथे, अशा मांडवांतून, आपणच विचारले पाहिजेत. त्यासाठी पदवी लागत नाही. ऐकण्याची तयारी आणि थोडे वाचन पुरते.